पट्टा कोणी धरायचा

रुपरावजी चाकाच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते, म्हणजे चांगले जागे होते. त्यांच्या गावी, कुहीकडे, हे शेंबडं पोरही सांगेल. ज्या बैठकीत त्यांना बोलायचं नसे तिथे ते अशीच मान छातीवर टाकत, आणि घरी आल्यावर कोण काय बोललं ते शब्द न् शब्द म्हणून दाखवत. त्यामुळे नागपुरात सदरमधल्या पुनर्वसन केंद्रात, व्यायामाच्या हॉलमध्ये, त्यांची तिन्ही लेकरं त्यांच्याच पुढ्यात त्यांचा फैसला करायला बसली तेव्हा सुभद्राला आधी हसू आलं, आणि मग आठवलं, की ते सगळं ऐकत आहेत.

ती उभी होती सासऱ्याच्या पाठीमागे, भिंतीवरच्या मोठ्या आरशाच्या कडेला, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून. बाकीचे बसले होते. तिचा नवरा गोविंदा, धाकटा दीर मुकुंद, नणंद वंदना. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं आणि तिनेही खुर्ची शोधली नव्हती. गोष्ट सासऱ्याची होती, बोलणार त्यांची लेकरं. सून काय, सोबत आलेली.

कार्तिकात धान कापणीला आलं तेव्हा हा हट्टी माणूस एकटाच धानाच्या बांधीत गेला आणि शेताच्या धुऱ्यावरून घसरून खुब्याचं हाड मोडून बसला. नागपुरात ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण मधेच छातीत कफ भरला आणि खाटेवर पडून पडून पायांतली सगळी ताकद गेली. मग डॉक्टरांनी इथे पाठवलं. इथे म्हाताऱ्या माणसांना पुन्हा उठायला, उभं राहायला, संडासपर्यंत जाऊन परत यायला शिकवतात. लहान लेकराला शिकवावं तसंच, फक्त लेकरू पडलं की रडतं आणि म्हातारा पडला की शिव्या देतो. आता पौष अर्धा सरला होता. इथली मुदत संपत आली होती आणि आज ठरायचं होतं, की रुपरावजी घरी जाणार की वरच्या मजल्यावर, कायम राहणाऱ्यांच्या वॉर्डात.

अट पायलने आल्याआल्याच सांगून टाकली. पायल म्हणजे इथली फिजिओथेरपिस्ट, नागपुरातल्याच इंदोऱ्याची पोरगी, बोलायला फटकळ पण हाताला मऊ. रुग्णाच्या कमरेला ती एक रुंद पट्टा बांधायची, त्याला मागे धरायला मूठ होती. ती म्हणाली, घरी जो माणूस दिवसभर बाबाजींजवळ राहणार आहे त्याने हा पट्टा धरून त्यांना माझ्यासमोर खुर्चीतून उठवायचं, संडासपर्यंत न्यायचं, बसवायचं आणि परत आणायचं. एवढं जमलं की उद्या घरी जा. नाही जमलं तर मी डॉक्टरांना तसं कळवीन आणि बाबाजी वर जातील. घरी पुन्हा पडले तर दुसरा खुबा जाईल, आणि मग ह्या वयात कोणी उठत नाही.

वरचा मजला सुभद्राने पाहिला होता. एकदा जिना चुकून ती तिथे पोचली होती. वाईट काहीच नव्हतं तिथे. स्वच्छ चादरी होत्या, खिडकीत ऊन होतं, मावशी एका आजीला चमच्याने वरण-भात भरवत होती आणि चांगली प्रेमाने भरवत होती. पण एक म्हातारा तिला पाहून उठून बसला, म्हणाला, "आली काय वं? चाल, गाडी लागली काय?" त्याला ती आपली लेक वाटली होती. सुभद्रा तिथून जी खाली पळाली ती थेट रुपरावजींच्या खाटेपाशी येऊन थांबली. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.  त्या दिवशी तिने मनाशी पक्कं केलं, की ह्यांना घरी न्यायचं. काय वाट्टेल ते होवो.

आणि घोडं अडलं होतं नेमकं इथेच. कारण पायलने जेव्हा जेव्हा सुभद्राला पट्टा धरायला बोलावलं तेव्हा तेव्हा रुपरावजींचा पाय दुखायला लागायचा. मुकुंद संध्याकाळी गांधीबागेतलं दुकान आटपून आला की तो पट्टा धरायचा आणि रुपरावजी मुकाट उठायचे. गोविंदा रविवारी गावाहून आला की तो धरायचा, रुपरावजी उठायचे. वॉर्डातला ब्रदर धरायचा, उठायचे. सुभद्रा दोन पावलं पुढे आली की लगेच, "पाय दुखून राहिला, आज नाही." पायलला वाटायचं, म्हातारा खचला आहे. मुकुंदला वाटायचं, वहिनीला धरायची रीत जमत नसेल. वंदनाला काय वाटायचं ते कळायला आज वेळ लागणार नव्हता.

खरी गोष्ट सुभद्राला पहिल्याच दिवशी समजली होती, निदान तिला तसं वाटत होतं. पण ती सांगायची कशी? त्यांच्याकडे सासरा सुनेशी बोलत नाही. सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही, सावलीसुद्धा जपून टाकते. रुपरावजी ओसरीत यायच्या आधी खाकरायचे, की आत तिने पदर सावरावा. तिला ते 'मामाजी', पण तेही पाठीमागे. तोंडावर हाक मारायची वेळच आली नव्हती. काही सांगायचं असलं तर ते नातवाला सांगायचे, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. नातू, म्हणजे तिचा गोलू, मोठा होऊन पुण्याला नोकरीला गेला तेव्हा पंचाईत झाली, मग ते गोठ्यातल्या गायीशी बोलायला लागले. आज भाजीत तिखट पडलं वाटते वं, असं गायीला म्हणायचे. सुभद्रा चुलीपाशी भांड्यांना सांगायची, उद्या कमी टाकू. गाय बिचारी दोघांकडे पाहायची. दवाखान्यात ना नातू ना गाय, त्यामुळे आल्यापासून सासरा-सुनेत एक शब्द झाला नव्हता.

बाहेरच्याला हे ऐकून वाटेल, केवढा तुटकपणा. पण सुभद्राला विचाराल तर त्या घरात तिचं खरं माणूस तेच होतं. लग्नानंतर बरीच वर्षं कूस उजवली नाही, तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे सासूने, तिला माहेरी पाठवून गोविंदाची दुसरी सोयरीक पाहायचं जवळजवळ ठरवलं होतं. तिची पेटी भरून दारात आली होती. रुपरावजी गोठ्यात शेण काढत होते. तिथूनच, कोणाकडे न पाहता, म्हणाले, "ह्या घरची लक्ष्मी कोणी बाहेर काढली तं मी बी तिच्या मागं निघून जाईन." एवढंच. मग पुन्हा शेण काढायला लागले. पेटी आत गेली. त्या एका वाक्यावर सुभद्राने त्या घरात सगळा जन्म काढला होता, आणि त्या माणसाला वर, अनोळखी खिडकीपाशी ठेवून आपण कुहीच्या बसमध्ये बसायचं, हे तिच्या गळी उतरत नव्हतं.

बोलायला सुरुवात मुकुंदने केली. तिघांत शिकलेला तोच, आणि बोलणंही तसं मोजूनमापून. त्याचं म्हणणं असं पडलं, की भावनेच्या भरात निर्णय घ्यायचा नाही. त्याचं घर जिने चढून वर, लिफ्ट नाही, बायकोची, मिनलची, बँकेची नोकरी. तिकडे नेणं शक्य नाही. गावचं घर म्हणजे तीन पायऱ्यांची ओसरी, संडास आवाराच्या पार टोकाला. इथे वर ठेवलं तर नर्स आहे, डॉक्टर आहे, आणि तो रोज संध्याकाळी दुकानातून येता येता भेटू शकतो. त्यात खोटं काही नव्हतं. मुकुंद रोज येतही होता, एक दिवस चुकला नव्हता.

वंदना आधी त्याच्या अंगावर धावून गेली. ती उमरेडहून पहाटेच निघून आली होती, बापासाठी डब्यात कोथिंबिरीच्या सांबारवड्या घेऊन. "जितेजागते तीन लेकरं अन् बाप दवाखान्यात ठेवाचा? लोकं तोंडात शेण घालतील आपल्या," ती म्हणाली. गोविंदाने मान हलवली. तो म्हणाला, पायऱ्या तोडून उतार करतो, संडासाची खुर्ची कुहीच्या वेल्डरकडून बनवून घेतो, त्यात काय. क्षणभर सुभद्राला वाटलं, झालं, दोघं एका बाजूला आले, आता सुटलो. तिने आरशात गोविंदाकडे पाहिलं. तो मात्र खाली जमिनीकडे पाहत होता.

मग पायलने विचारलं, उतार होईल, खुर्ची होईल, पण दिवसभर पट्टा कोण धरणार? तुम्ही?

गोविंदा अडखळला. तो सकाळी वावरात जातो तो दिवेलागणीला येतो. धानाची मळणी व्हायची आहे, तूर उभी आहे. "दिवसभर म्हणजे... घरी तं सुभद्राच राहते," तो म्हणाला.

आणि तिथेच सगळी फळी फिरली. वंदनाने एकदम डबा बाजूला ठेवला. आतापर्यंत ती सुभद्राकडे पाहतच नव्हती. आता पाहून बोलली. "वहिनी धरन? इतके दिवस झाले, मी दर खेपेला पाहून राहिली. बाबाले उठवाचं म्हटलं की हे आरशापाशी जाऊन उभी. एक दिवस तरी हात लावला काय? ब्रदर बाबाले धुतो, पुसतो, अन् सून पदर घेऊन कोपऱ्यात. घरी कोण ब्रदर आहे? बाबा तिथं ओल्यात पडून राहतीन." मग मुकुंदकडे वळून म्हणाली, "तू म्हणते तेच बरोबर आहे. इथंच राहू दे."

मुकुंदला बहुधा हे इतक्या लवकर अपेक्षित नव्हतं. तो गडबडून म्हणाला, वहिनींना दोष देऊ नको, सगळ्यांना जमत नाही ते काम. त्याचा समजूतदारपणा सुभद्राला वंदनाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला. पायलच्या चेहऱ्यावरही दिसलं, की तिचंही मत तेच आहे. राहता राहिला गोविंदा. सुभद्राने त्याच्याकडे पाहिलं, हा तरी बोलेल म्हणून. गोविंदाने गमछ्याने तोंड पुसलं. म्हणाला, सगळ्यांचं तसंच म्हणणं असेल तर काही दिवस वर ठेवून पाहू, मळणी झाली की मग बघता येईल.

सुभद्राच्या अंगाचा तिळपापड झाला. मळणी झाली की तूर, तूर झाली की उन्हाळवाहीची नांगरणी. ह्या माणसाचं 'मग' कधी आलं आहे? लग्न झाल्यापासून ती ह्या घराच्या बैठकींत मागे उभी राहिली होती, आणि डोक्यावरून पाणी गेलं तरी तिने तोंड उघडलं नव्हतं. आज तिला वाटलं, आपण गप्प राहिलो तर ह्या माणसाला आपणच वर पाठवल्यासारखं होईल.

"म्याडम," ती पायलला म्हणाली. आवाज फाटलाच थोडा. "मामाजीचा पाय दुखत नाही. मी हात लावीन म्हून दुखते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. खुर्चीतल्या म्हाताऱ्याचे डोळे मिटलेलेच होते, पण हातांची बोटं खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाली. आरशात ते फक्त सुभद्राला दिसलं.

पायलला काही उमगेना. मग सुभद्राने तिला सांगितलं, तुटक तुटक, की आमच्याकडे असं आहे. सासरा-सून बोलत नाहीत. अंगाला हात लावायचा तर प्रश्नच नाही. पायल ऐकत राहिली. तिला वाटलं, हे एखाद्या भांडणापासूनचं असेल. कधीपासून बोलत नाही म्हणून तिने विचारलं, तर सुभद्रा म्हणाली, हळद लागली तेव्हापासून. पायल हसू दाबत होती, ते तिला जमलं नाही. मग ओशाळून म्हणाली, "काकू, माफ करा. आमच्या घरी माझी आई आजोबांशी तोंडावर भांडायची, भाजी निवडायला बसवायची त्यांना. मला हे सुचलंच नसतं. मी तर नोंदीत लिहूनही टाकलं आहे, की सुनेची तयारी नाही."

"माही तयारी पहिल्या दिवसापासून आहे," सुभद्रा म्हणाली.

 वंदनालाही सासरा होता, उमरेडला, आणि त्यांच्यासमोर तिचाही पदर कपाळाखाली येत असे. ही गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण शब्द मागे घेणं तिच्या रक्तात नव्हतं, बापावर गेली होती. ती म्हणाली, मग आता काय मर्यादा मोडायची? आई असती तर हे होऊ दिलं असतं का? सुभद्रा म्हणाली, आत्याबाई असत्या तर त्यांनीच धरलं असतं, बाई. त्या नाहीत म्हणून मी.

 पायलने विचार केला, आणि मग सरळ पट्टा उचलून रुपरावजींच्या कमरेला बांधला. ते तसेच झोपेचं सोंग घेऊन बसले, पण बांधू दिला. पायलने सुभद्राला पुढे बोलावून मूठ दाखवली, गुडघा कुठे टेकवायचा, पाठ कशी सरळ ठेवायची ते सांगितलं. सुभद्राला हे सगळं पाठ होतं. आरशाच्या कडेला उभी राहून तिने दुसरं काय पाहिलं होतं?

ती खाली वाकली तसा पदर घसरून तिच्याच हातावर आला. तो सावरावा तर पट्टा सुटतो. एका हाताने पट्टा धरून दुसऱ्याने तिने पदर ओढला, तो पुन्हा पडला. मग तिने पट्टा सोडला, उभी राहिली, आणि धानाच्या रोवण्याच्या दिवसांत चिखलात उतरताना खोचावा तसा पदर कमरेला करकचून खोचला. डोकं उघडं पडलं. केस पिकले होते बरेच. मुकुंदने ते पहिल्यांदाच पाहिले असावेत. वंदना हळूच "अगं बाई" म्हणाली. गोविंदाने मात्र प्रथमच मान वर केली आणि तो बायकोकडे पाहत राहिला.

सुभद्रा पुन्हा वाकली. सासऱ्याचा चेहरा तिने इतक्या जवळून कधीच पाहिला नव्हता. दाढीचे खुंट, मिटलेल्या पापण्या. 

"मामाजी," ती म्हणाली. "पाय मागं घ्या. पुढं वाका."

रुपरावजी हलले नाहीत.

तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा काही नाही. मुकुंदने सुस्कारा सोडला, आणि त्या सुस्काऱ्यात वरचा मजला आहे हे सुभद्राला कळलं. तिला रडू यायला लागलं आणि रडू आल्याचा राग आला. ती खालच्या आवाजात, फक्त त्यांच्यासाठी, बोलत सुटली. म्हणाली, मर्यादा मलेही समजते मामाजी, मी काही रस्त्यावरून आली नाही. पण तुमी वर जाऊन बसले तर मी त्या घरात कोणाचं खाकरणं ऐकून उठू? मले लाज वाटत नाही, तर तुमाले काहून वाटते?

रुपरावजींनी डोळे उघडले.

"लाज नाही वाटत वं," ते म्हणाले.

 ते सुभद्राशी बोलले होते. भिंतीशी नाही, गायीशी नाही, तिच्या तोंडाकडे पाहून. गोविंदा खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

रुपरावजींचा आवाज बरेच दिवस न वापरल्यासारखा खरखरीत येत होता. "तुह्या सासूचं तू तीन-चार वर्षं केलं. हागणं-मुतणं, पाठीचे फोड. मी ओसरीवर पडून राहत होतो, मले सगळं ऐकू येत जाय. रातबेरात उठत जाय तू. तिनं तुले शिव्या देल्ल्या, त्या बी ऐकल्या मी." ते थांबले, श्वास घेतला. "ती गेली तवा तू पयल्यांदा झोपली चांगली. सकाळी ऊन अंगणात आलं तरी उठली नाही. मी गाय बी सोडली नाही, म्हटलं खुरांचा आवाज होईल. आता माहं बी तुह्याच नशिबी टाकू काय? म्हून म्हटलं, उठाचंच नाही. वर टाकतीन तं टाकू दे."

पंचफुलाबाई, म्हणजे आत्याबाई, लकव्याने पडून होत्या आणि दोन वर्षांमागे गेल्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवसांत त्या घरात सुभद्राचं काय झालं हे ऐकणारा एकच माणूस होता, आणि तो ओसरीवर गुपचूप पडून होता, हे सुभद्राला आज कळलं. ती समजत होती की तिचा हात म्हाताऱ्याला नको आहे. तो तिचा हात वाचवत होता. पायलच्या नोंदीत चूक होती, वंदनाची चूक होती, आणि सगळ्यांत जास्त तिची स्वतःची. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि हातात पट्टा असल्यामुळे ते पुसताही येईना.

मुकुंद उठून खिडकीपाशी गेला. वंदना खाली मान घालून डब्याचं झाकण लावत होती, लागलेलं झाकण पुन्हा पुन्हा.

"तिचं केलं तवा तुले कोणी विचारलं नाही," रुपरावजी म्हणाले. "मी बी नाही. माही जीभ झडली होती काय, पण नाही विचारलं. आता विचारतो. तुले जमन काय वं माहं कराले? खरं सांग. नाही म्हटलं तं मले राग नाही. तुह्या तोंडाकडे पाहून विचारून राहिलो."

सुभद्राला लगेच 'हो' म्हणता आलं असतं. 'हो' तर तोंडावर होतं, सकाळपासून तेच घेऊन ती उभी होती. पण तिला कोणी कधी असं विचारलंच नव्हतं, आणि विचारणारा माणूस खोटं खपवून घेणारा नव्हता. तिने आत्याबाईंची ती वर्षं आठवली. दुखरी कंबर, चिडचिड, एकदा मोरीत बसून तोंडात पदर कोंबून रडलेली ती. वरचा मजलाही आठवला. मग ती म्हणाली,

"जमन. पण एकटीले नाही जमत."

रुपरावजींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान वळवून, पंचायतीत पाहायचे तसे, एकेका लेकराकडे पाहिलं. 

गोविंदा आधी बोलला. म्हणाला, सकाळचं उठवणं आणि आंघोळ माझ्याकडे, वावरात उशिरा गेलो तर तूर काही पळून जात नाही. एवढं साधं त्याने आधी म्हटलं असतं तर, असं सुभद्राच्या मनात आलं, पण ते तिने उद्यासाठी ठेवून दिलं. मुकुंद खिडकीतूनच म्हणाला, शनिवारी दुकानातून परस्पर कुही गाठीन, सोमवारी पहाटे निघीन. रविवार पूर्ण माझा, वहिनी, तुम्ही त्या दिवशी पाहूसुद्धा नका. राहिली वंदना. तिला बोलायला सगळ्यांत जड गेलं. ती म्हणाली, मी दर महिन्याला आठ दिवस येईन, आणि मग इतक्या हळू की नीट ऐकू आलं नाही, "मले पट्टा धराले शिकव वहिनी."

पायलने डोळ्याच्या कडेला बोट लावलं आणि लगेच फटकळ झाली. म्हणाली, वाटण्या झाल्या असतील तर उठवा आता, बाबाजींनी मला उपाशी ठेवलं आहे, जेवायची सुटी संपत आली.

सुभद्राने गुडघा टेकवला, पट्ट्याची मूठ आवळली.

"मामाजी, पाय मागं घ्या."

त्यांनी पाय मागे घेतले.

"पुढं वाका. अजून. माह्या खांद्यावर हात ठेवा."

रुपरावजींचा हात वर आला आणि तिच्या खांद्याच्या अलीकडेच थांबला. आयुष्यभराची सवय, एका दिवसात कशी जाणार?  सुभद्राने तो हात धरला आणि आपल्या खांद्यावर ठेवला. वजन होतं त्याला, शेतात राबलेल्या माणसाच्या हाताला असतं तेवढं.

"धरलं काय नीट?" त्यांनी विचारलं.

"धरलं. उठा तुमी."

आणि ते उठले.